देव सगळीकडं आहे तर तुम्ही गोव्याला चालत कशाला जाता?

नोव्हेंबर संपत आला की हा प्रश्न येतोच. शेजारच्या वहिनी विचारतात, ऑफिसात विचारतात, मुलीच्या मैत्रिणीच्या आईनं तर व्हॉट्सअपवरच विचारलं, "तुमच्यात पण वारी असते काय ओ? देव सगळीकडं आहे म्हणता, चर्च पण जवळच आहे, मग जुन्या गोव्याला पायी कशाला?" आम्ही बेळगाव-खानापूरकडचे कॅथलिक, संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जुन्या गोव्याला चालत जातो, त्यावरनं हे सगळं. इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी सरळ उत्तर. बंधन काही नाही. ऐपत असलेल्या मुसलमानाला आयुष्यात एकदा हज सांगितलाय, तसला नियम कॅथलिकांच्यात नाही. रविवारी मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना ऐकली, कन्फेशन केलं म्हणजे फादरजवळ पापं कबूल केली, लेकरंबाळं नीट वाढवली आणि खानापूर तालुक्याबाहेर कधी पाऊल नाही टाकलं तरी माणूस चांगला कॅथलिक म्हणून मरतो, आमच्या कितीतरी आज्या तशाच गेल्या. मिस्सात प्रभू येतो तो खेड्यातल्या चॅपलात अर्धा आणि रोमला पूर्ण असं काही नसतं, हे पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या, आधीच शिकवतात.

मग का जातो? मला विचाराल तर याचं उत्तर आमच्या प्रार्थनेतच आहे. आमचा विश्वास काय ते सांगणारी जी प्रार्थना चर्चमध्ये म्हणतो तिच्यात चक्क एका रोमन अधिकाऱ्याचं नाव येतं, येशूला क्रुसावर द्यायला लावणाऱ्या पिलाताचं. कारण आमचं म्हणणंच असं की देव माणूस झाला तो एका गावात, एका बाईच्या पोटी, अमक्या अमक्याच्या राजवटीत. असं म्हणणाऱ्यांना जागा आणि शरीर किरकोळ कसं वाटेल? देव सगळीकडं असेल, पण फ्रान्सिस झेवियर सगळीकडं नाही, त्याचं शरीर एकाच जागी आहे, जुन्या गोव्यात.

त्याच्या शरीराची गोष्ट तर विलक्षणच. हा माणूस स्पेनकडच्या नावारचा, १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरला, आणि पुढच्या दहा वर्षांत दक्षिणेचा किनारा, मलाक्का, जपान करत ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या दाराशी एका बेटावर तापानं गेला. नंतर हाडं नेता यावीत म्हणून शरीर लवकर झिजावं असं पुरताना चुना टाकलेला, आणि अडीच महिन्यांनी उकरलं तर शरीर तसंच. मलाक्काला नेलं, तिथून १५५४ मध्ये गोव्यात आणलं. उजवा हात १६१४ ला रोमला गेला. आता शरीर सुकलेलं आहे आणि चर्च पण 'पवित्र अवशेष' एवढंच म्हणतं, चमत्काराचा गाजावाजा करत नाही, हे मला बरं वाटतं. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये त्याची चांदीची पेटी उंचावर असते, खालून फारसं काही दिसत नाही. दर दहा वर्षांनी ती उतरवून समोरच्या से कॅथेड्रलात ठेवतात, मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ होतं. त्या वेळी आमच्याकडच्या वाड्याच्या वाड्या रिकाम्या झाल्या.

इथं कुणीतरी इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचं, काढतंच. काढावंच. गोव्यात इन्क्विझिशन पाठवा असं झेवियरनं १५४६ ला पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं हे खरं आहे, ते आलं मात्र तो गेल्यावर, १५६० ला. लपवण्यासारखं काही नाही आणि समर्थन करण्यासारखं पण नाही. गंमत बघा, आमच्या भागातल्या बऱ्याच कॅथलिक घराण्यांचे पूर्वज गोव्यातून घाट चढून वर आले, कोण जमिनीसाठी, कोण साथीला भिऊन, कोण पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून. आणि त्यांचीच पोरं आता झेवियरला 'गोंयचो सायब', गोव्याचा धनी, म्हणत तोच घाट उतरतात. याचा हिशोब मला लागत नाही आणि लावायची घाई पण नाही.

२४ नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते, ३ डिसेंबरला फेस्त म्हणजे सण. त्या बेतानं लोक निघतात. बेळगावाकडचे बरेचसे जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरतात, खानापूर-लोंढ्याकडच्यांना अनमोडचा रस्ता जवळ. शंभर किलोमीटरच्या आसपास चाल होते. पुढं खुरीस म्हणजे क्रूस, मागं टेम्पोत सामान आणि भांडी, वाटेत तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना आणि गाणी, मराठी झाली की कोकणी, मग कन्नड, कुणाला काही अडत नाही. कणकुंबीला पहाटे थंडी म्हणजे काय ते कळतं आणि घाट उतरून केरीला आलात की घाम फुटतो, स्वेटर कमरेला. पायाला फोड दुसऱ्या दिवशी येतात, पहिल्या दिवशी सगळे हिरो असतात. रस्त्यात चहा देणारे निम्मे तरी हिंदूच, ज्यांच्या घरातून आषाढीला पंढरपूरला कोणीतरी जातंच, त्यांना "चालत का" हे समजावून सांगावं लागत नाही.

सगळ्याच जागा शरीराच्या नसतात हे पण सांगते. तमिळनाडूतल्या वेळांकणीला अवशेष नाहीत, तिथं मारियामाउली एकदा एका दूध नेणाऱ्या पोराला आणि एकदा ताक विकणाऱ्या लंगड्या पोराला दिसली अशी परंपरा. २९ ऑगस्टला झेंडा चढतो, ८ सप्टेंबरला फेस्त, वास्कोहून वेळांकणीची आठवड्याची गाडी लोंढ्यावरून जाते त्यामुळं आमच्याकडून जाणं सोपं झालंय. मारियामाउलीची अशीच दर्शनं फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ ची, पोर्तुगालमधल्या फातिमाला १९१७ ची, बेळगावचं कॅथेड्रल फातिमा मातेच्याच नावाचं. पण असल्या दर्शनांना चर्चनं मान्यता दिली तरी त्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे अशी सक्ती कुणा कॅथलिकावर नाही. हे आमच्यातल्या पण कितीतरी जणांना माहीत नसतं.

आणि नवस? बोलतात की, पोरगं पास झालं तर, ऑपरेशन नीट झालं तर. न फेडल्यास कोप होतो असलं मात्र काही नाही. चालणं जमेनासं झालं तर फादरला जाऊन सांगायचं, ते नवस बदलून देऊ शकतात किंवा त्यातून मोकळं करू शकतात, तशी चर्चच्या कायद्यातच सोय आहे. गुडघे गेलेल्या बायका तरी हट्टानं चालतात आणि मग घरातल्यांच्या जिवाला घोर. मला ते पटत नाही.

त्याहून पटत नाही ते स्पीकर लावून बाईकवरनं जाणं आणि दर्शन अर्ध्या तासात उरकून कलंगुट. समुद्राला जायचंय तर जा की, खुरीस कशाला मिरवता.

"आम्ही आलो तर चालेल काय?" असं पण विचारता. चालेल म्हणजे काय, म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मारियामाउलीलाच, तर शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, तिच्या फेस्ताला हिंदू लोक तेल घेऊन रांगेत असतातच. फक्त मिस्सात कम्युनियनच्या रांगेत उभं राहू नका, ते कॅथलिकांपुरतंच आहे, बाकी बसा, गा, मेणबत्ती लावा. नवे बूट घालून येऊ नका, घातलेलेच घाला. आणि परत कसं यायचं याची काळजी नको, परत कोणीच चालत येत नाही, सगळे पणजीला जाऊन बेळगावची बस धरतात आणि चोर्ला घाटात घोरत असतात.