गेमबॉयवरचं टेट्रिस: सगळा खेळ चौथ्या ओळीचा

ज्यांनी मोबाइलवर टेट्रिस, म्हणजे पडते ठोकळे रचून भरलेल्या ओळी घालवायचा खेळ, खेळून हात बसवला आहे, ते १९८९ च्या गेमबॉय या निन्टेंडोच्या हातातल्या खेळयंत्रावर आले की पहिल्या पाच मिनिटांत गोंधळतात. ठोकळा बाजूला राखून ठेवायची सोय नाही. एका बटणात थेट तळाला टाकता येत नाही. तळाला टेकलेला ठोकळा फिरवत बसायलाही वेळ मिळत नाही, पुढच्या उतरणीची वेळ झाली की तो तिथेच चिकटतो. सातही आकार एकेकदा येऊन गेल्याशिवाय पुन्हा तोच येणार नाही, हा नव्या आवृत्त्यांमधला दिलासाही इथे नाही. काठी, म्हणजे सलग चार घरांचा सरळ ठोकळा, कधी लागोपाठ येते, कधी तीस-तीस ठोकळे येत नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात '९९९९ इन १' लिहिलेला जो ब्रिक गेम मिळायचा, त्यावर वाढलेल्यांना हे वातावरण ओळखीचं वाटेल. फक्त तिथे मैदान १० बाय २० चं होतं. गेमबॉयवर ते १० बाय १८ चं आहे, कारण पडद्याची उंची १४४ ठिपके आणि एक चौकट ८ ठिपक्यांची. त्या दोन कमी ओळी शेवटी फार महाग पडतात.

आधी गुणांचा हिशेब डोक्यात पक्का बसवा. ए-टाइप, म्हणजे ढीग वर पोहोचेपर्यंत चालणाऱ्या खेळात एका वेळी एक ओळ गेली तर ४०, दोन गेल्या तर १००, तीन गेल्या तर ३०० आणि चार गेल्या (यालाच 'टेट्रिस' म्हणतात) तर १२०० गुण. या आकड्याला लेव्हल अधिक एक याने गुणायचं. म्हणजे लेव्हल ९ वर चार ओळींचे १२,००० आणि लेव्हल २० वर २५,२००. आता हेच दर ओळीमागे काढून पाहा: ४०, ५०, १००, ३००. दोन ओळी एकदम घालवल्या म्हणून फारसा फायदा होत नाही, तीन घालवल्या तर बरा होतो, आणि खरी कमाई चौथ्या ओळीला आहे. लेव्हल ९ वर शंभर ओळी सुट्या सुट्या घालवल्या तर ४०,००० गुण होतात. त्याच शंभर ओळी चार-चारने घालवल्या तर ३,००,०००. खाली दाबून ठोकळा उतरवल्याचे गुणही मिळतात, पण ते उतरलेल्या घरामागे एक. बारा हजारांपुढे त्या पंधरा-सोळा गुणांसाठी घाई करून चूक ओढवून घेऊ नये. वेळेचं इथे काहीच बक्षीस नाही. ठोकळा कुठे बसणार हे शंभर टक्के ठरलं असेल तरच खाली दाबा.

दुसरा निर्णय सुरुवातीच्या लेव्हलचा. लेव्हल ० वरून सुरू केलं तर दर दहा ओळींनी लेव्हल वाढते. लेव्हल ९ वरून सुरू केलं तर शंभर ओळी होईपर्यंत तुम्ही ९ वरच राहता आणि पुढे दर दहा ओळींनी एक याप्रमाणे २०० ओळींना लेव्हल २० येते. दोन्ही वाटांनी शंभराव्या ओळीला वेग तोच असतो, पण ० वरून आलेल्याकडे तोवर जास्तीत जास्त सुमारे १,६५,००० गुण असतात आणि ९ वाल्याकडे ३,००,०००. हा सुमारे १,३५,००० चा फरक पुढे भरून निघत नाही. म्हणून स्कोअरसाठी खेळायचं असेल तर ९ शिवाय दुसरी सुरुवात मला पटत नाही. लेव्हल ५ वर सराव जरूर करा, पण तो सराव म्हणूनच.

९ ची भीती आकड्यांनीच कमी होते. गेमबॉय सेकंदाला जवळपास ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवतो. लेव्हल ० ला ठोकळा एक घर उतरायला ५३ फ्रेम घेतो, ५ ला ३३, ८ ला १७ आणि ९ ला ११. म्हणजे ९ वर रिकाम्या मैदानात वरून खाली यायला सव्वातीन सेकंद मिळतात. १० ला हा आकडा फक्त १० होतो. ११ वरून १० म्हणजे हाताला कळणारही नाही. पुढे ९, ८, ७ असं करत १४ आणि १५ ला ६, १६ आणि १७ ला ५, १८ आणि १९ ला ४, आणि २० ला ३. लेव्हल २० नंतर वेग वाढत नाही. ३ फ्रेम म्हणजे खाली दाबून धरल्यावर ठोकळा ज्या वेगाने येतो तोच वेग. एवढं लक्षात आलं की सराव कसा करायचा तेही कळतं: खालच्या लेव्हलवर मुद्दाम प्रत्येक ठोकळा खाली दाबून खेळा, २० ची चव मिळेल.

पण उंच लेव्हलवर माणूस मरतो तो उतरण्याच्या वेगाने नव्हे, बाजूला सरकण्याच्या संथपणाने. दिशेचं बटण दाबून धरलं की ठोकळा लगेच एक घर सरकतो, मग सुमारे २३ फ्रेम थांबतो आणि त्यानंतर दर ९ फ्रेमला एक घर जातो. पाच घरं सरकायची तर ५० फ्रेम गेले. लेव्हल ९ वर तेवढ्यात ठोकळा चार-साडेचार घरं उतरतो, काही बिघडत नाही. लेव्हल १५ वर आठ घरं उतरतो. लेव्हल २० वर सोळा घरं, म्हणजे जवळजवळ सगळं मैदान संपलं आणि ठोकळा भिंतीला लागायच्या आत कुठेतरी मध्येच अडकला. म्हणून बटण धरून ठेवायची सवय सोडा आणि दर घराला एक टिचकी मारा. सेकंदाला दहा टिचक्या जमल्या तर पाच घरांना २४ फ्रेम लागतात, निम्म्याहून कमी. ही सवय ९ वरच लावायची. १५ वर आल्यावर शिकायला फुरसत नसते.

चर, म्हणजे काठीसाठी रिकामा राखलेला कडेचा रकाना, कोणत्या बाजूला ठेवायचा, यावर बरेच जण सवयीने उजवी बाजू सांगतात. गेमबॉयवर मात्र डावी बाजू घ्या. कारण बारीक आहे पण रोज उपयोगी पडतं: आडवी काठी वर मधल्या चार घरांत येते, आणि या आवृत्तीत ती उभी केली की पाचव्या रकान्यात उभी राहते. तिथून डाव्या भिंतीला चार टिचक्या, उजव्या भिंतीला पाच. लेव्हल २० वर ती एक टिचकी म्हणजे दोन घरांची उंची. शिवाय काठी, एस आणि झेड (ठोकळ्यांची ही नावं त्या त्या इंग्रजी अक्षराच्या आकारावरून) यांना दोनच अवस्था आहेत, त्यामुळे कोणतंही फिरवायचं बटण दाबलं तरी निकाल तोच. एल, जे आणि टी यांना चार अवस्था आहेत आणि ते सपाट बाजू वर करून येतात. दोन्ही बटणं वापरली तर एकाच दाबात डावं किंवा उजवं वळण मिळतं, तीनदा दाबायची पाळी येत नाही. आणि आधी फिरवा, मग सरकवा. भिंतीला चिकटल्यावर फिरवायला जागा नसेल तर ही आवृत्ती ठोकळ्याला आत ढकलून फिरवत नाही, दाब सरळ वाया जातो.

आता रचना. डावा रकाना रिकामा, उरलेल्या नऊ रकान्यांत भर. नवशिक्याला वाटतं माथा जितका सपाट तितका चांगला. पूर्ण सपाट माथ्यावर एस किंवा झेड आला की तो कसाही ठेवा, खाली भोक राहतंच. एकाच घराची चढण आणि एकाच घराची उतरण कुठेतरी कायम हवी. डावीकडून उजवीकडे एक घर चढण असेल तिथे उभा झेड नीट बसतो, आणि त्या चढणीच्या अलीकडे दोन घरं सपाट असतील तर आडवा एस. उतरण असेल तिथे उलट: उभा एस, आणि उतरणीपलीकडे दोन घरं सपाट असतील तर आडवा झेड. चौकोनासाठी एक दोन घरांची सपाटी राखा. दोन घरं खोल खाच एल किंवा जे भरतो. तीन घरं खोल झाली की ती फक्त काठीच भरू शकते. तशी एकच जागा असावी, आपला चर. दुसरी झाली तर पुढची काठी तिकडे खर्च होते आणि १२,००० गुण गेले. मधले रकाने खाली ठेवा, कारण ठोकळे तिथेच अवतरतात. उजव्या भिंतीलगतचे दोन रकाने मात्र एक-दोन घरं वर असू द्या. तो कोपरा सर्वांत लांब आहे, वेग वाढल्यावर तिथलं खोल भगदाड बुजवता येत नाही.

काठी येत नसेल तर काय? इथे एक खुबी आहे जी फार थोडे लोक वापरतात. दुसरा रकाना, म्हणजे चराला लागून असलेला, बाकीच्यांपेक्षा नेमका एक घर खाली ठेवा. मग जे ठोकळा आला की त्याला घड्याळाच्या उलट दिशेने एकदा फिरवून डाव्या भिंतीला न्या. त्याची तीन घरांची उभी बाजू चरात जाते आणि वरचं बाहेर आलेलं घर दुसऱ्या रकान्यावर टेकतं. त्या घराच्या ओळीसकट तीन ओळी पूर्ण होतात, जेची चारही घरं नाहीशी होतात आणि चर पुन्हा स्वच्छ उघडा. लेव्हल ९ वर ३,००० गुण मिळतात, टेट्रिसच्या चौथाई, पण ढीग तीन घरं उतरतो. दुसरा रकाना बाकीच्यांच्या बरोबरीने असेल तर दोनच ओळी जातात आणि उरलेली दोन घरं चराच्या तोंडावर झाकण होऊन बसतात. ते झाकण काढण्यात पुढच्या दोन-तीन ओळी जातात. सगळा फरक त्या एका घराचा आहे.

असं कधी करायचं, हे ढिगाची उंची ठरवते. लेव्हल ९ ते १२ मध्ये बाराव्या घरापर्यंत काठीची वाट पाहायला हरकत नाही. १५ च्या आसपास आठ-नऊ घरांवर थांबा. २० वर काठीला डावीकडे न्यायच्या चार टिचक्यांत ती सहा घरं उतरलेली असते, वर डोळ्याला ठोकळा ओळखायला लागणारा वेळ. त्यामुळे सात घरांच्या वर ढीग नकोच. ओळी नाहीशा होतानाचा लुकलुकाट साधारण दीड सेकंद चालतो. तो आराम करायला नाही, माथ्याचा आकार आणि पुढचा ठोकळा वाचायला आहे. सिलेक्ट दाबून पुढचा ठोकळा लपवता येतो. चुकून दाबलं गेलं असेल तर लगेच परत चालू करा.

उद्दिष्टं ठेवायची तर पायऱ्या खेळातच आहेत. १,००,००० ला छोटं रॉकेट उडतं, १,५०,००० ला त्याहून मोठं, २,००,००० ला सर्वांत मोठं. लेव्हल ९ वर नऊ टेट्रिस झाले की १,०८,००० होतात, सतरा झाले की २,०४,०००. सतरा टेट्रिस म्हणजे ६८ ओळी. म्हणजे सर्वांत मोठं रॉकेट लेव्हल १० न पाहताही मिळू शकतं. पुढचं शिखर ९,९९,९९९, आकडा तिथेच थांबतो. सगळ्या ओळी चार-चारने गेल्या असं धरलं तर २०० ओळींना सुमारे ७,६५,००० होतात आणि २० वर आणखी दहा टेट्रिस लागतात. प्रत्यक्षात कुणाचंच इतकं स्वच्छ जात नाही, पण २० वर किती टिकावं लागेल याचा अंदाज यातून येतो.

बी-टाइपमध्ये २५ ओळी संपवायच्या असतात आणि उंची ५ निवडली तर तळाला दहा ओळींचा कचरा आधीच असतो. तिथे आधी वरची भोकं उघडी करा, चर नंतर. जुन्या यंत्रावर टिचक्या चुकत असतील तर दोष बोटांचा असेलच असं नाही. दिशेच्या बटणाखालचं रबर आणि पाटीवरचे संपर्कबिंदू मळतात. मागचे तीन-पाकळी खाचेचे स्क्रू खास स्क्रूड्रायव्हरने काढून दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले तर बटण बहुतेकदा पूर्ववत होतं. पडद्यावर ठोकळ्यामागे सावली ओढल्यासारखी दिसते, ती त्या पडद्याची जातच आहे. कडेचं कॉन्ट्रास्टचं चाक थोडं फिकटाकडे नेलं की वेगात आकार स्पष्ट ओळखू येतो. आणि मूळ कार्ट्रिजमध्ये स्कोअर साठवायला बॅटरी नाही. यंत्र बंद केलं की यादी कोरी होते, तेव्हा आकडा पडद्यावर आहे तोवर फोटो काढा.