मामानं भाचीला वाचवलं का नाही?

इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याच्या काळाचा विषय काढला की मला हमखास विचारतात: आठव्या हेन्रीची राणी ॲन बुलीन, तिला मृत्युदंड सुनावणारा माणूस तिचा सख्खा मामाच होता ना, मग त्यानं तिला वाचवलं का नाही? परवा तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मामा म्हणजे थॉमस हॉवर्ड, नॉरफोकचा तिसरा ड्यूक. त्याच्या मनात काय होतं ते समजायला १४८५ पर्यंत मागं जावं लागतं. त्या वर्षी बॉसवर्थच्या लढाईत हॉवर्ड हरणाऱ्या बाजूला होते. आजोबा, म्हणजे पहिला ड्यूक, राजा तिसऱ्या रिचर्डसाठी लढताना पडला. वडील जखमी होऊन पकडले गेले आणि तीन वर्षांहून अधिक काळ लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत राहिले. जिंकून राजा झालेल्या सातव्या हेन्री ट्यूडरच्या पार्लमेंटनं दोघांना राजद्रोही ठरवलं. याला अटेंडर म्हणत. किताब गेला, जमीनजुमला राजाकडे जमा झाला, वारसांच्या हाती काही उरलं नाही. पुढची कित्येक वर्षं वडिलांनी त्याच राजघराण्याची इमानानं चाकरी केली. १५१३ मध्ये, सत्तरीत, त्यांनी फ्लॉडनला स्कॉटलंडच्या सैन्याचा धुव्वा उडवला, त्यांचा राजा चौथा जेम्स रणात मारला गेला, आणि पुढच्या वर्षी ड्यूकपद घरात परत आलं. तेव्हापासून हॉवर्डांच्या ढालीवर स्कॉटलंडचा अर्धा सिंह आहे, तोंडातून बाण आरपार गेलेला. हा मान राजानं दिला होता, आणि राजा दिलेलं काढूनही घेतो हे त्या घरात लहानथोर सगळे जाणून होते.

आता १५ मे १५३६. टॉवरमधल्या दालनात नॉरफोक मुख्य आसनावर. त्याच्या पायाशी मुलगा हेन्री, सरेचा अर्ल. समोर भाची. जाळून किंवा शिर उडवून, राजाची मर्जी असेल तसं, ही शिक्षा मामानंच सुनावली. सुनावताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं त्या काळच्या एकानं लिहून ठेवलंय. ते पाणी खरं होतं असं मला वाटतं. त्यानं नकार दिला असता तरी ॲन वाचली नसती. निकाल आठव्या हेन्रीला हवा तोच लागणार होता, वर मामाही गेला असता.

म्हणून १५३६ बद्दल मी त्याला फार दोष देत नाही. माझा राग आहे तो १५४१ वर. तेव्हा त्याची पुतणी कॅथरीन हॉवर्ड त्याच हेन्रीची राणी होती आणि तिच्यावर बालंट आलं. या गृहस्थानं राजाला पत्र लिहून सावत्र आई, भाऊ, बहीण आणि ॲन व कॅथरीन या दोन्ही पोरी, सगळ्यांना नावं ठेवली आणि हात झटकले. कॅथरीनचं शिर फेब्रुवारी १५४२ मध्ये उडवलं गेलं.

एवढं करून तो वाचला का? १५४६ च्या डिसेंबरात बापलेक दोघंही पकडले गेले. इंग्रजीत सुनीत (सॉनेट) या काव्यप्रकाराला घडण देणाऱ्यांपैकी एक असलेल्या सरेनं आपल्या ढालीवर इंग्लंडचा जुना राजा एडवर्ड द कन्फेसर याची चिन्हं घेतली, हा राजद्रोह ठरला. सख्ख्या बहिणीनं त्याच्याविरुद्ध जबानी दिली. १९ जानेवारी १५४७ ला त्याला मारलं. बापाची पाळी २८ तारखेला होती, पण त्याच पहाटे हेन्रीच मेला. म्हातारा सहा वर्षं टॉवरमध्ये कुजला, मेरी राणीनं १५५३ मध्ये सोडवलं, आणि पुढच्या वर्षी तो घरीच वारला.

सरेचा मुलगा, चौथा ड्यूक, स्कॉटलंडची राणी मेरी हिच्याशी लग्नाचा घाट आणि एलिझाबेथ राणीला हटवण्याचा रिडॉल्फी कट यांपायी १५७२ मध्ये शिर गमावून बसला. त्याचा मुलगा फिलिप मात्र वेगळा निघाला. कॅथलिक धर्म सोडणार नाही म्हणाला आणि दहा वर्षं टॉवरमध्ये राहिला. तिथल्या भिंतीवर त्यानं लॅटिनमध्ये कोरलंय की ख्रिस्तासाठी इथं जितकं सोसावं तितकं वैभव पुढं त्याच्यासोबत. कैदेत असताना झालेल्या मुलाचं तोंडही त्यानं कधी पाहिलं नाही. १५९५ मध्ये तो तिथंच गेला. हॉवर्डांमध्ये माझा जीव आहे तो या माणसावर.