तुम्ही विचारलेत म्हणून: नोकरी शोधता आहात, की हे करता आहात?

गेल्या सात महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. जिन्यात भेटणारे शेजारी विचारतात, लग्नकार्यात भेटलेले मामा विचारतात, जुने सहकारी फोनवर विचारतात. नोकरी गेलेली असताना मी गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी किंवा घरी वायरींना डाख देण्याचे सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलेला दिसतो. ते नोकरी शोधण्याऐवजी चालले आहे का, असे त्यांना जाणून घ्यायचे असते. विचारणाऱ्यांच्या मनात काळजी असते हे मला ठाऊक आहे, म्हणून उत्तरही मनापासून देतो.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. मोटारींची दारे, दिवे, वायपर चालवणाऱ्या कंट्रोलरचे फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्राम, मी अकरा वर्षे लिहिला. मग आमचा विभागच बंद झाला आणि एका शुक्रवारी लॅपटॉप आणि ओळखपत्र परत करून मी पुण्यात धनकवडीला घरी आलो. ग्रॅच्युइटी मिळाली, पण कंपनीचा मेडिक्लेम त्याच दिवशी संपला आणि त्यात माझे आईवडील होते. त्यामुळे पहिला महिना त्यांचा नवा विमा उतरवण्यात आणि घराच्या हप्त्यांचा हिशेब मांडण्यातच गेला. पत्नी शाळेत शिकवते. आज घर तिच्या पगारावर चालते आणि ग्रॅच्युइटीतून हप्ते जातात. हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे योग्य होणार नाही, कारण घरात एक पगार चालू नसता तर माझे उत्तर कदाचित वेगळे असते.

नोकरी शोधणे हे पूर्ण वेळेचे काम आहे, असे लोक म्हणतात. माझा अनुभव असा की ते काम दिवसाचे दोन-तीन तास असते आणि उरलेला वेळ वाट पाहण्यात जातो. जाहिरात वाचायची, त्याप्रमाणे रेझ्युमे बदलायचा, ओळखीचे कोणी तिथे आहे का ते शोधायचे, अर्ज करायचा. बहुतेक वेळा नकारसुद्धा येत नाही. फोन आलाच तर एकूण अनुभव किती, आधीचा पगार किती, अपेक्षा किती आणि नोटीस पिरियड किती, हे चार प्रश्न ठरलेले. नोटीस पिरियड नाही, उद्यापासून येऊ शकतो, असे म्हटले की पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो. त्या थांबण्याची सवय मला अजून झालेली नाही.

पहिल्या दोन इंटरव्ह्यूंत मी वेगळ्याच ठिकाणी अडलो. तुम्ही स्वतः केलेले एखादे काम सविस्तर सांगा, असे त्यांनी विचारले आणि माझ्यापाशी सांगण्यासारखे फारच थोडे निघाले. अकरा वर्षांचा कोड कंपनीच्या सर्व्हरवर राहिला होता, गोपनीयतेच्या करारावर सही केलेली होती आणि मोठ्या टीममध्ये माझ्या वाट्याला नेहमी एक तुकडाच येत असे. सेन्सर एका शहरातली टीम निवडायची, बोर्ड दुसऱ्या देशात बनायचा, मी मधला भाग लिहायचो. एखादी वस्तू पहिल्या कागदापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत मी कधी केलीच नव्हती, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळले.

टाकीचे काम तिथून सुरू झाले. आमच्या सोसायटीत महापालिकेचे पाणी सकाळी येते, ते खालच्या टाकीत साठते आणि वॉचमनकाका पंप लावून ते गच्चीवर चढवतात. वरची टाकी भरून वाहिली की तासाभराचे पाणी गटारात जाते आणि खालची रिकामी झाली की पंप कोरडा फिरून त्याचे सील जळते. उन्हाळ्यात टँकर विकत घेणाऱ्या इमारतीला हे दोन्ही परवडत नाही. पातळीवर लक्ष ठेवणारे यंत्र करायचे म्हणून तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, ईएसपी 32 या छोट्या प्रोसेसर चिपचा एक बोर्ड आणि पाण्यापासून सुरक्षित असा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणला. आवाजाची लहर पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून तो अंतर सांगतो. कामाचा आराखडा एका संध्याकाळी झाला. तो खरोखर चालायला नऊ आठवडे लागले.

त्यातली एक चूक सांगतो, कारण माझे उत्तर तिच्यातच आहे. पाणी चढताना टाकीत लाटा उठतात आणि सेन्सरचे आकडे उड्या मारतात. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे टाकीत एक पीव्हीसी पाइप उभा करून त्याच्या आतल्या शांत पाण्याची पातळी मोजणे. मी तसा पाइप बसवला, त्याच्या तोंडावर सेन्सर घट्ट बसवून कडा सिलिकॉनने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी टाकी भरून वाहत होती आणि माझे यंत्र ती अर्ध्याच्या जरा वर आहे असे दाखवत होते. मी आधी कोड तपासला, मग वायरी, मग सेन्सर बदलला. पाइपात वरून हवा कोंडली गेली होती आणि ती पाण्याला आत चढू देत नव्हती, हे लक्षात यायला मला दीड दिवस लागला. उपाय होता पाइपाच्या वरच्या टोकाला 6 मिलिमीटरचे एक भोक.

त्याच दीड दिवसात एका कंपनीने दिलेली चाचणी मला सोडवून पाठवायची होती. रात्री अकराला घाईघाईने अर्धवट उत्तर पाठवले आणि ती संधी गेली. कंपनीचे काहीच चुकले नव्हते. गच्चीवर उत्तर मिळत होते म्हणून मी गच्चीवर थांबलो होतो. खाली टेबलावर जे पडले होते त्याचे उत्तर दुसऱ्या कुणाच्या हातात होते आणि तिकडे जायला मन कचरत होते. विचारणाऱ्यांची शंका त्या दिवसापुरती खरी होती. तेव्हापासून ज्या कामाची कोणीतरी पलीकडे वाट पाहत आहे, ते आधी संपते. अर्ज, फोन, चाचण्या दुपारच्या जेवणाच्या आत. सोल्डरिंग आयर्न त्यानंतरच गरम होते. सुट्या भागांवर महिन्याला पंधराशे रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, हे पत्नीने आणि मी मिळून ठरवले आहे. म्हणून केस, वायरी, जुने ट्रान्सफॉर्मर यांच्यासाठी रविवारी जुन्या बाजारात फेरी होते.

कोणती वस्तू बनवायची, हेही आता जाहिराती वाचून ठरवतो. चाकण आणि भोसरीच्या बऱ्याच जाहिरातींत बॅटरी मॅनेजमेंटचा अनुभव मागतात, तो मला नव्हता. म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या बॅटरीच्या चार सेलचा एक छोटा पॅक बांधून त्याची देखरेख करणारे सर्किट तयार करतो आहे. या सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात 3.2 ते 3.3 व्होल्टच्या आसपास जवळपास सपाट राहतो, त्यामुळे नुसता व्होल्टेज पाहून किती चार्ज उरला ते सांगता येत नाही, आत-बाहेर जाणारा करंट सतत मोजत राहावा लागतो. हे मी वाचलेले होते. स्वतःच्या टेबलावर चार तास तो आकडा हलेनासा झालेला पाहिल्यावर ते समजले.

वडील पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागातून, निवृत्त झाले. सुरुवातीला ते रोज संध्याकाळी एवढेच विचारायचे, "आज काही आलं का?" एप्रिलमध्ये एकदा ते स्टीलची टेप घेऊन माझ्यामागे गच्चीवर आले. सकाळी टेपचे आणि यंत्राचे माप जुळले. दुपारी दोनला यंत्र पाणी सहा सेंटीमीटर जास्त दाखवू लागले. "सकाळी बरोबर होतं. दुपारीच का चुकतंय ते बघ," एवढे म्हणून ते खाली गेले. हवेत आवाजाचा वेग 20 अंशांना सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो आणि प्रत्येक अंशामागे तो साधारण 0.6 मीटरने वाढतो. उन्हाने तापलेल्या काळ्या टाकीच्या झाकणाखाली 45 अंश होते. लहर लवकर परतत होती आणि माझा कोड 20 अंश धरून बसला होता. तापमानाचा एक सेन्सर जोडला आणि फरक एका सेंटीमीटरच्या आत आला.

गेल्या महिन्यातल्या इंटरव्ह्यूत मी हीच गोष्ट सांगितली. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "चूक आहे हे कळलं कसं?" मी टेपचे सांगितले, वडिलांचे सांगितले, गणित फळ्यावर मांडले. बोलणे वीस मिनिटे चालले. ती नोकरी मला मिळाली नाही, त्यांना कमी अनुभवाचा माणूस हवा होता. पण त्या वीस मिनिटांत मी पुन्हा इंजिनियर म्हणून बोलत होतो आणि घरी येताना स्वारगेटच्या बसमध्ये बऱ्याच महिन्यांनी मला बरे वाटले.

आता शेजारच्या विंगने तसेच यंत्र मागितले आहे, सुट्या भागांचे पैसे ते देणार आहेत. त्यांच्या सेक्रेटरीकाकांना मी सांगितले आहे की बुधवारी चाकणला इंटरव्ह्यूची दुसरी फेरी आहे, तोपर्यंत तिची तयारी करायची आहे. गुरुवारी दुपारी टेप घेऊन टाकीचे माप घ्यायला येतो. वडीलही येणार आहेत.