सुट्टीच्या दिवशी चालणारा कॉम्प्रेसर

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते, म्हणून तिथली कॉम्प्रेसरच्या हवेची लीकेज टेस्ट मी गुरुवारीच लावतो. मशीन बंद असताना हवा लागायचं कारण नाही. तरी कॉम्प्रेसर लोड घेत, म्हणजे हवा दाबून भरत असेल, तर ती सगळी हवा गळतीत चालली आहे. गेल्या महिन्यात एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात ५५ किलोवॉटच्या स्क्रू कॉम्प्रेसरसमोर स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. ४ मिनिटं लोड, ६ मिनिटं अनलोड, म्हणजे मोटर फिरते पण हवा भरत नाही. पुन्हा तेच. ४० टक्के गळती!

मला बोलावलं होतं ते मात्र सोलरसाठी. सेबीनं २०२२-२३ पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. तेव्हापासून मोठ्या कंपन्या पुरवठादारांकडेही वीज किती, त्यात सोलर किती असे आकडे मागू लागल्या आहेत. इथंही गिऱ्हाइकाचा फॉर्म आला होता. छतावर किती किलोवॉट बसवायचं हे सोलरवाल्यानंच काढून दिलेलं, एमडींना त्यावर फक्त माझी सही हवी होती. विकणाऱ्याच्या हिशोबावर सल्लागारानं सही ठोकायची, हे आमच्या धंद्यात सर्रास चालतं. मला ते पटत नाही.

शेड शांत असली की गळती कानांनीच सापडते. मेंटेनन्सचे काका खडू घेऊन माझ्या पुढेच चालत होते. क्विक कपलर, सिलिंडरचे सील, चिरलेले पीयू पाइप, रिसीव्हरचा, म्हणजे हवेच्या टाकीचा उघडाच ठेवलेला ड्रेन व्हॉल्व्ह... मी कान लावायच्या आत त्यांची फुली पडलेली असायची. म्हणाले, "साहेब, रिपोर्टमध्ये क्लॅम्प आणि कपलर नावानिशी लिहा. आम्ही मागितले की परचेसवाले विचारतात, कशाला?"

रात्री हिशोब मांडला. अनलोडमध्येही मोटर तीसेक टक्के वीज ओढतेच, ती वजा केली तरी गळतीपायी साधारण १५ किलोवॉट जातात. तीन पाळ्यांत दिवसाला ३६०-३७० युनिट. आपल्याकडे एक किलोवॉट सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं. म्हणजे ९० किलोवॉटची पॅनेलं, जवळपास ९०० चौरस मीटर छत, नुसती ही गळती भरून काढायला!

एमडींनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण फॉर्ममध्ये हे कुठल्या रकान्यात भरायचं?" मी त्यांचंच बिल पुढं ठेवलं. एकूण वापर घटला की तेवढ्याच सोलरचा टक्का आपोआप वाढतो. पटलं म्हणाले. तरी त्याच आठवड्यात सोलरची ऑर्डर गेली, पहिल्याच मापाची.

त्या मापावर मी सही केली नाही. रिपोर्टच्या पहिल्या पानावर काकांची यादी आहे, नगांसकट. ती अजून परचेसमध्ये तीन कोटेशनसाठी अडकली आहे आणि मी फोन करत राहिलो आहे.