तुम्ही विचारलंत म्हणून : पहिले व्हायोलिन कोणते घ्यावे?

“व्हायोलिन शिकायला सुरुवात करायची आहे, तर कोणते घेऊ?” हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि विचारणाऱ्याला बहुधा एखाद्या कंपनीचे नाव हवे असते. माझे उत्तर मात्र घोडीपासून सुरू होते. तारा जिच्यावर टेकतात ती मेपलच्या लाकडाची पातळ उभी पट्टी म्हणजे घोडी. ती चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच उभी राहते. तिचे पाय त्या त्या व्हायोलिनच्या फळीच्या उंचवट्याप्रमाणे तासावे लागतात आणि तिची उंचीही बेताची करावी लागते. स्वस्त व्हायोलिनांवर हे काम पुष्कळदा अर्धवट राहिलेले असते.

माझ्या पहिल्या व्हायोलिनवर ते झालेलेच नव्हते. रियाज संपला की बोटांच्या टोकांवर तारांचे खोल वळ उमटलेले असत, आणि इतके दाबूनही स्वर चढाच लागे. जवळजवळ वर्षभर मी तो माझ्या बोटांचा दोष मानला. पुढे एका कारागिराने फिंगरबोर्डाच्या, म्हणजे ज्या काळ्या पट्टीवर तारा बोटांनी दाबतात तिच्या, घोडीकडच्या टोकाशी मोजपट्टी धरली, तेव्हा सर्वांत जाड तार तिथे साडेसात मिलिमीटर उंच निघाली. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर ती साधारण 5 ते 5.5 आणि सर्वांत बारीक तार 3 ते 3.5 मिलिमीटर असावी. तार उंच असेल तर दाबताना ती अधिक ताणली जाते आणि स्वर चढतो, हे मला त्या दिवशी कळले. त्याने घोडी तासली, खुंट्यांकडच्या खाचा थोड्या खोल केल्या, आणि त्याच व्हायोलिनवर माझे बोट पहिल्यांदा सहज टेकले. म्हणून मी आग्रहाने सांगतो की साधे व्हायोलिन घ्या, पण ते जाणकार हातांनी जुळवून घ्या, आणि त्या कामाचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

आकाराबाबत मुलांचे पालक फार घाई करतात. लहान मुलांसाठी 1/16 पासून 3/4 पर्यंतचे आकार मिळतात, तर बहुतेक प्रौढांना 4/4 म्हणजे पूर्ण आकाराचे चालते. व्हायोलिन खांद्यावर ठेवून डावा हात त्याच्याखाली लांब करावा. कोपर किंचित वाकलेले असताना टोकाचा गुंडाळा तळहातात सहज मावला, तर आकार बरोबर आहे. “वाढत्या अंगाचे” म्हणून मोठे व्हायोलिन घेतल्यास मुलाचे मनगट वाकडे होते आणि ती सवय पुढे मोडणे कठीण जाते.

खरेदीच्या वेळी चारही खुंट्या स्वतः फिरवून पाहाव्यात. त्या अडकू नयेत आणि सोडल्यावर घसरूही नयेत. वरच्या फळीतील छिद्रातून आत डोकावल्यास बारीक तारेच्या बाजूला, घोडीच्या पायाच्या किंचित मागे, एक उभी काडी दिसते. तिला साउंडपोस्ट म्हणतात. तीही न चिकटवता बसवलेली असते, त्यामुळे सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर ती पडू शकते. आत ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ अशी चिठ्ठी दिसली तर तिच्यावर विसंबू नये. प्रसिद्ध इटालियन व्हायोलिन-कारागीर अंतोनियो स्त्रादिवारी 1737 मध्ये वारला आणि त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या नंतर कारखान्यांतल्या असंख्य व्हायोलिनांमध्ये चिकटवल्या गेल्या. जुने व्हायोलिन असेल तर पाठीमागच्या फळीवर, साउंडपोस्ट टेकतो त्या जागी, तडा नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. तिथला तडा दुरुस्त करणे खर्चिक असते.

गजाकडे, म्हणजे तारांवर फिरवायच्या केस लावलेल्या काठीकडे, मात्र फार थोडे लोक लक्ष देतात, आणि मला याचे वाईट वाटते, कारण नवशिक्याचा अर्धा झगडा उजव्या हाताचा असतो. केस ताणल्यावरही काठीचा बाक केसांच्या बाजूलाच राहिला पाहिजे, आणि एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे पाहिले असता ती सरळ दिसली पाहिजे. बेताच्या किमतीत पीळ पडलेल्या लाकडी गजापेक्षा कार्बन फायबरचा गज मी केव्हाही पसंत करीन. नव्या गजाच्या केसांना राळ लावलेली नसेल तर आवाज जवळजवळ निघतच नाही. तेवढ्यावरून व्हायोलिन नापास करू नका, आधी राळ लावून वाजवून पाहा.