ब्रेरातले जुलै

मिलानचा जुलै म्हणजे अंगाची लाही. ऑगस्ट लागला की सगळं शहर समुद्राकडे नाहीतर डोंगरात पळतं. त्याच्या आधी, माणसं अजून गावात असताना, ब्रेराची कला अकादमी आपले वर्ग सगळ्यांसाठी उघडते. ‘अक्काडेमिया अपेर्ता’ म्हणजे वर्षभराच्या कामाचं प्रदर्शन, आपल्याकडच्या कलामहाविद्यालयांत भरतं तसंच. मिलानला राहत होते तोवर मी त्या दिवसांची वाट बघायचे.

व्हिया ब्रेरावरच्या त्या वाड्यात शिरलं की चौकाच्या मधोमध शिल्पकार कानोव्हाचा ब्राँझचा नेपोलियन उभा दिसतो, ग्रीक देवासारखा उघडा, हातात छोटी विजयदेवता. 1859 पासून तो तिथेच आहे. एरवी पाहुणे त्याचा फोटो काढतात आणि जिना चढून सरळ वरच्या संग्रहालयात जातात, मांतेन्या, राफाएल आणि हायेझचं ‘चुंबन’ बघायला. जुलैतल्या त्या दिवसांत मात्र खालच्या मजल्यावर लग्नघराची गडबड असायची. प्लास्टरच्या पुतळ्यांनी भरलेल्या लांब बोळातून माणसं वाट काढायची, टर्पेंटाइनचा वास थेट चौकापर्यंत यायचा. कुणाचे आईवडील दुसऱ्या गावाहून आलेले असायचे, आणि आपल्या मुलाच्या चित्रासमोर काय बोलावं हे न सुचून नुसतेच हसत उभे राहायचे. ते हसू मला फार ओळखीचं होतं.

ही अकादमी 1776 ची, ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसाने स्थापन केलेली. वरच्या मजल्यावरचा खजिना जमायला सुरुवात झाली तीच मुळी खाली शिकणाऱ्या मुलांना चांगली चित्रं डोळ्यांसमोर हवीत म्हणून. ‘चुंबन’ रंगवणारे हायेझ इथेच शिकवायचे. चित्रकाराने शिकवायचं आणि शिकवताना स्वतःचं काम थांबवायचं नाही, ही इथली जुनी रीत. मला ती सगळ्यात स्पष्ट दिसली ओमार गाल्लियानी यांच्यात. खरं तर त्यांच्याच ओढीने मी पहिल्यांदा त्या वर्गांकडे वळले.

गाल्लियानींचा जन्म 1954 चा, मोंतेक्किओ एमिलियातला. एंझा नदीकाठचं हे छोटं गाव. नदी ओलांडली की पार्माचा मुलूख, म्हणजे कोरेज्जो आणि पार्मिज्यानिनो या जुन्या चित्रकारांचा. बोलोन्याच्या अकादमीत ते शिकले. त्यांची उमेदीची वर्षं आली तेव्हा इटलीत चित्रकलेला पुन्हा बरे दिवस येत होते. आधीची दहा-पंधरा वर्षं माती, चिंध्या, लोखंड, कोळसा यांतून कला घडवणाऱ्यांची होती. मग तरुण मंडळी परत कुंचल्याकडे वळली. समीक्षक फ्लाव्हिओ कारोली यांनी त्यांच्यातल्या काहींना ‘माजिको प्रिमारिओ’ या नावाखाली एकत्र आणलं, त्यांत गाल्लियानी होते. 1982, 1984 आणि 1986 अशा लागोपाठ तीन व्हेनिस बिएनालेंमध्ये, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनांत, त्यांचं काम लागलं. एवढं झाल्यावर एखाद्याने गाव सोडलं असतं, शिकवणंही सोडलं असतं. त्यांनी दोन्ही सोडलं नाही. आधी काराराला, मग ब्रेरात ते रंगचित्रण शिकवत राहिले.

आणि वर्ग रंगचित्रणाचा असला तरी त्यांचं स्वतःचं हत्यार पेन्सिल! मी त्यांचं मोठं चित्र पहिल्यांदा पाहिलं ते एका प्रदर्शनात. पॉप्लरच्या लाकडी फळ्या एकमेकींना जोडलेल्या, माणसापेक्षा कितीतरी उंच, आणि त्यांवर अंधारातून वर येणारा एका बाईचा चेहरा. लांबून छायाचित्र वाटलं. जवळ गेले तर सगळा काळोख ग्रॅफाइटच्या बारीक रेघांचा, थरावर थर दिलेला. समोरून काळाभोर दिसणारा भाग बाजूने बघितला की चांदीसारखा चमकायचा. गाल आणि कपाळाच्या उजेडाला पांढरा रंग नव्हताच, तिथे लाकूड तसंच सोडलेलं, त्याच्या शिरांसकट. पो नदीच्या सपाटीवर या पॉप्लरच्या रांगाच्या रांगा दिसतात. मोनालिसाही याच लाकडावर रंगवलेली आहे. आपल्या मातीतलं झाड आणि आपल्या परंपरेतली रेघ घेऊन हा माणूस आजचं चित्र काढतो, याने मी हरखून गेले होते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांपासून पेन्सिल आपल्या हातात असते, पण ती आपण ‘कच्च्या कामाची’ म्हणून बाजूला ठेवतो. तिच्यात पूर्ण चित्र पेलण्याची ताकद आहे हे मला त्या फळ्यांपुढे कळलं.

म्हणून जुलैत वर्ग बघताना मी आधी रेघ शोधायचे. गंमत म्हणजे अंधारातून येणारे तसे चेहरे मला तिथे दिसले नाहीत. कुणी जाडजूड तैलरंग थापलेला, कुणी जुन्या चादरीवर शिवणकाम केलेलं, कुणी नुसता व्हिडिओ लावलेला. शिक्षकाची सही विद्यार्थ्याच्या कामावर उमटलेली नसणं, ही मी त्या शिकवण्याला मिळालेली मोठी पावती मानते. आपल्याकडे ‘अमुक सरांच्या हाताचं वळण’ कौतुकाने ओळखलं जातं. मला ते कौतुक कधीच पटलं नाही.

चिनी मुलंमुली तिथे पुष्कळ. ‘तुरांदोत’ नावाच्या योजनेतून ती इटलीच्या कला अकादमींत येतात. एका वर्षी एक मुलगी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कागदाची गुंडाळी उलगडून बसली होती. पूर्ण गुंडाळीवर पाण्याच्या लाटा, सगळ्या पेन्सिलीच्या. बोटांच्या कडा करड्या झालेल्या, मांडीवर खोडरबरचा भुगा. गाल्लियानींचं नाव काढलं तशी ती खुलली. 2003 साली बीजिंग बिएनालेत त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं होतं, ते तिला ठाऊक होतं. मग मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये आम्ही दोघी ‘बी’ आणि ‘एचबी’ पेन्सिलींवर कितीतरी वेळ बोललो. तिच्या मते लाटेच्या आतल्या सावलीला एचबीच हवी, बी लगेच चिकट दिसते. घरी येऊन मी दोन्ही घासून बघितल्या. तिचं म्हणणं बरोबर होतं.

आता मी पुण्यात असते. ओळखीचं कुणी उन्हाळ्यात मिलानला निघालं की सांगते, अकादमीचे वर्ग कधी उघडणार ते विचारून घ्या, आणि ते दिवस जुळले तर वरच्या मजल्याचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा. राफाएल कुठे जात नाही.