दोन तासांच्या खेळासाठी मैदानाची परवानगी

दिवाळीच्या सुट्टीत लेआउटमधल्या पोरांसाठी भूत-माणूस खेळ ठरवला. भुताने हात लावला की माणूसही भूत. माणसांच्या हाती मोज्यांचे गोळे आणि इतवारी बाजारातून आणलेल्या स्पंजच्या गोळ्यांच्या स्वस्त बंदुका. अमेरिकेतल्या गाऊचर कॉलेजात 2005 साली असा खेळ सुरू झाला, तिथेही मोज्यांचे गोळे चालतात. आमचे नियम एका बैठकीत ठरले. घोडं अडलं ते परवानगीच्या खिडकीवर.

अर्जाला साहित्याची यादी जोडायची होती. बाबूंनी यादीवर बोट ठेवलं. "बंदुका कायले जी? पोलिसांचं पत्र आणा." ठाण्यात हवालदार हसले. "खेळण्याले कायचं पत्र, भाऊ?" पण तेवढंच कागदावर लिहून द्या म्हटलं तर नाही. परत खिडकीशी. साहेब मीटिंगला. मग साहेब सापडले तर बाबू रजेवर, अर्ज त्यांच्या कपाटात आणि किल्ली त्यांच्या घरी. त्याच मैदानात लग्नाचे मांडव पडतात, खुंट्यांचे खड्डे महिनोन्‌महिने तसेच राहतात, डीजेने खिडक्या थरथरतात. ते चालतं. स्पंजची गोळी चालत नाही.

शेवटी बंदूक डब्यासकट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. डब्यावर आयएसआय मार्क होता. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचा आहे. साहेबांनी डबा उलटसुलट करून पाहिला, चाप ओढला. गोळी कपाटाला लागून खाली पडली. बाबूंनी ती उचलून दिली आणि मुकाट्याने शिक्का मारला. इतके दिवस पोलिसांचं पत्र लागत होतं, ते कुठे गेलं कोण जाणे!

तुम्हाला करायचं असेल तर डबा पहिल्याच दिवशी सोबत न्या आणि अर्जाची तारखेसह पोच घ्या. काळ्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका घेऊच नका, भडक रंगाच्याच घ्या. गोळी लागलेल्या भुताला बाद करू नका. जागेवर उभं राहून मोठ्याने वीसपर्यंत मोजायला लावा, म्हणजे लहान पोरं कडेला बसून रडत नाहीत. लागलं की नाही, हे ज्याला लागलं त्यानेच सांगायचं. हो, गॉगल राहिलाच: डोळ्यांवर गॉगल नसेल त्याला मैदानात घ्यायचं नाही, आणि तोंडावर नेम धरायचा नाही. आणि मोजे धुतलेले आणायचे, हेही नियमांत लिहून ठेवा.